बोटीवरची हजेरी

त्या दुपारी बोटीवर माझ्या मित्राचं नाव पुकारलं गेलं तेव्हा "हिअर" म्हणून उत्तर दिलं ते मी. तो तेव्हा पाण्यात होता. एवढी साधी गोष्ट मी सहा वर्षं कुणालाही सांगितली नाही. शेवटी सांगितली तेव्हा जिला सांगायची होती तिनेच ती मानली नाही. म्हणून आता लिहून ठेवतो आहे.

मित्र आणि मी नागपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात चार वर्षं एका बाकावर बसलो. एकाने यायचं आणि दोघांची हजेरी लावायची, हा आमचा नेम. त्याचा आवाज जाड, घशातून येणारा. तो मला इतका साधला होता की सर मान वर न करता खूण करून पुढच्या नावाकडे वळत. पुढे दोघेही कॅनडात आलो. मी हॅमिल्टनला पोलादाच्या कारखान्यात, तो व्हिटबीला राहून वीज केंद्रात. रिटायर झाल्यावर मी मिसिसागाला कॉन्डो घेतला आणि त्याच्या डोक्यात स्कूबा डायव्हिंगचं खूळ शिरलं. साठी उलटलेल्या आम्ही दोघांनी पोहण्याच्या तलावात धडे घेतले, मग एका जुन्या खाणीत साचलेल्या बर्फगार पाण्यात परीक्षा दिली. बायकांनी बरोबर यायला साफ नकार दिला. "बुडायचंच असेल तर लेक ऑन्टॅरिओ काय वाईट आहे?" असं त्याची बायको म्हणाली.

फेब्रुवारीत, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचं सोडून, आम्ही कॅरिबियनमधल्या एका लहानशा बेटावर उतरलो. एक रस्ता, एक चर्च, एक ग्रोसरीचं दुकान, मोकाट शेळ्या. डायव्हिंगचं दुकानही एकच. मालक पाहुण्यांना घेऊन पाण्यात उतरे आणि पन्नाशीची एक बाई वर बोट सांभाळे. ती सगळ्यांना "डार्लिंग" म्हणे. परतताना ती पाटीवरची नावं वाचायची, आपण "हिअर" म्हणायचं, आठही जण झाले की बोट सुटायची.

पहिल्या दिवशी माझं नाव आलं तेव्हा मी टॉवेलात डोकं घालून केस पुसत होतो. मित्रानेच माझ्या आवाजात उत्तर दिलं. तिला कळलं नाही. आम्ही दोघे म्हातारे कॉलेजातल्या पोरांसारखे खिदळलो.

दुसऱ्या दिवशीची जागा मला सुरुवातीपासून आवडली नव्हती. प्रवाळाची एक भिंत सरळ खाली जात होती आणि तिच्या पलीकडे नुसता निळा रंग होता, ज्याला तळ नव्हता. पाण्याखाली स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही. आपल्यामागे कुणीतरी तसाच श्वास घेत आहे असं मला सारखं वाटत होतं. वळून पाहिलं की मित्र दहा हातांवर असायचा, हात जुळवून, स्थिर, भिंतीकडे नाही तर त्या निळ्याकडे बघत. दोनदा मी त्याला खूण केली. दोन्ही वेळा त्याने फार उशिरा मान वळवली.

माझी हवा लवकर संपत आली. नियम असा की जोडीने उतरायचं, जोडीने वर यायचं. तो माझ्याबरोबर बोटीखालपर्यंत आला. मी शिडी धरली तेव्हा त्याने बोटांनी "ठीक आहे" अशी खूण केली आणि एकटाच परत खाली गेला. हे मी वर कुणाला बोललो नाही. तो काही मिनिटांत येईल, उगाच त्याला बोलणी कशाला, असा विचार केला. मला मळमळत होतं, मी डोळे मिटून पडलो. थोड्या वेळाने मालक बाकीच्यांना घेऊन वर आला. आम्ही दोघे मघाशीच वर आलो असं त्याने धरलं होतं.

पूर्वेकडून पावसाची काळी भिंत येत होती. मालकाने इंजिन सुरू केलं. बाईने पाटी हातात घेतली आणि चष्म्यावरचे थेंब पुसत, खाली मान घालून नावं वाचू लागली. वॉशरूमचं दार बंद होतं, आत नळ वाहत होता. मित्राची सवय मला ठाऊक. या वयात पाण्यातून वर आला की आधी वॉशरूम. त्याचं नाव आलं, कुणी बोललं नाही, ती मान वर करणार तेवढ्यात मी त्याच्या जाड आवाजात "हिअर" म्हणालो. कालची परतफेड. तिने खूण केली आणि बोट निघाली.

धक्क्याला लागताना बोट कलली आणि वॉशरूमचं दार आपोआप उघडलं. आत कुणी नव्हतं. नळ चालूच होता.

त्यानंतर जे झालं त्यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही. मालकाने तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्याने उत्तर दिलं. मी माझ्या कानांनी ऐकलं." म्हणजे तो बोटीवर होता, म्हणजे येताना वाटेत पडला, असा मालकाने हिशेब केला आणि बेटावरच्या पोलिसाला बरोबर घेऊन परतीच्या वाटेवरच शोध सुरू केला. मी त्या बोटीत होतो. मला माहीत होतं की तो भिंतीपाशीच राहिला आहे. मी इतकंच म्हणालो, की आधी डायव्ह केली तिथे पाहू या का. का, असं मालकाने विचारलं. मी गप्प बसलो. पुढे पोलिसाने प्रत्येकाला विचारलं, त्याच्या नावाला दुसऱ्या कुणी उत्तर दिलं का? माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, माझं लक्ष नव्हतं. समोर पोलीस होता, मनात मित्राच्या बायकोचा चेहरा होता. त्या क्षणी आपण हजेरीची गंमत केली हे तोंडातून निघेना. आणि एकदा नाही म्हटल्यावर दर मिनिटाला ते सांगणं आणखी अशक्य होत गेलं.

चार तासांनी, सूर्य मावळायच्या जरा आधी, एका मासेमारी बोटीला तो दिसला. बेटाच्या टोकापलीकडे, फुगवलेल्या जॅकेटवर तरंगत. जिवंत होता. ओठ फुटलेले, आवाज गेलेला. मी त्याचा हात धरून बसलो आणि तेव्हाही बोललो नाही.

बाईची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली. ती शेवटपर्यंत एकच सांगत राहिली, की उत्तर आलं होतं. बाकीचे सातही जण नाही म्हणाले, तेव्हा बेटावरच्या लोकांनी आपला अर्थ लावला. पाण्यातलं काहीतरी तिला उत्तर देतं, असं बोलू लागले. आम्ही निघायच्या दिवशी ग्रोसरीच्या दुकानात ती दिसली. लोक तिच्यापासून अंतर ठेवून उभे होते. ती माझ्याजवळ आली. या वेळी डार्लिंग म्हणाली नाही.

"तुम्ही माझ्या मागेच होतात," ती म्हणाली. "तुम्हाला आवाज आला होता का, एवढंच सांगा."

"आठवत नाही," मी म्हणालो.

"मग तो आवाज बोटीवरचा नव्हता," ती स्वतःशीच म्हणाली आणि निघून गेली.

व्हिटबीला मित्राच्या बेसमेंटमध्ये गणपतीची जेवणं व्हायची. मुलं त्याच्याभोवती गोळा होत, "अंकल, द घोस्ट वन, प्लीज." आणि तो सांगे, मी पाण्यात होतो आणि वर बोटीवर माझ्या नावाने कुणीतरी हजर होतं. मुलं शहारायची. मी हातात ताट घेऊन भिंतीशी बसलेला असे. दर वर्षी गोष्ट वाढत गेली. एका वर्षी त्याने सांगितलं की बोट सुटायच्या आधी त्याला स्वतःचं नाव ऐकू आलं, आणि तो पाण्यातून ओरडला होता, "हिअर." हे त्याने आधी कधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर मला जेवण जाईना.

शेवटी एकदा ४०१ हायवेवरून दोघेच जात असताना मी त्याला सगळं सांगितलं. गाडी तो चालवत होता. दोन एक्झिट मागे गेले.

"चार तास, बे," तो म्हणाला. मग म्हणाला, "मला काय सांगतोस? तिला सांग."

नंबर त्यानेच मिळवला, बेटावरच्या चर्चमधून. ती आता घरी ब्रेड भाजून विकत होती. त्या रविवारी सकाळी तो माझ्या कॉन्डोत आला, जोडे न काढता टेबलाशी बसला. मी फोन स्पीकरवर टाकला. माफी मागितली, तो आवाज माझा होता असं सांगितलं. माझ्यामुळे तिच्यावर काय काय ओढवलं तेही बोलून दाखवलं.

ती म्हणाली, "म्हणून दाखवा."

मी म्हणालो, "हिअर."

"नाही."

मी मित्राचा आवाज काढायचा प्रयत्न केला. वय झालं, घसा साथ देईना. काहीतरी फाटकं बाहेर आलं.

"हा नाही," ती म्हणाली. "तुम्ही भले आहात, मला बरं वाटावं म्हणून म्हणता. तुमचा मित्र आहे का तिथे?"

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नको म्हणालो. तो पुढे वाकला आणि त्याच्या जाड आवाजात एकदाच म्हणाला, "हिअर."

पलीकडे श्वास अडकल्याचा आवाज आला. "हाच," ती म्हणाली. "देवा, हाच तो." ती रडत होती, पण आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "म्हणजे मी खोटं बोलले नव्हते. पाण्यातून तोच बोलला." मी तो आवाज कॉलेजपासून काढत आलो होतो, ती नक्कल होती, असं मी मोठ्याने सांगत राहिलो. तिने आभार मानून फोन ठेवला. पुढे मी तीनदा केला, तिने उचलला नाही.

मित्र उठला. मी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. कॉरिडॉरमध्ये तो थांबला.

"'हिअर' नक्की तूच म्हणाला होतास ना?" त्याने हळूच विचारलं.

मी म्हणालो, "हो. मीच."

तो लिफ्टकडे दोन पावलं गेला आणि वळला. मग मला पुन्हा तेच विचारलं.