चंद्री आणि विशाखापट्टणमचं बुकिंग

"मॅडम, माझं एकट्याचं तिकीट कॅन्सल करा. बाकी तिघांचं राहू द्या."

दत्ताभाऊ अजून खुर्चीत बसलेसुद्धा नव्हते. ते काटेवाडीचे. ऊस आहे, सात गाई आहेत. बारामतीत माझं टूर्सचं ऑफिस आहे, तिथं हे चाललं होतं. मे महिन्यात त्यांच्या घरचे चौघं विशाखापट्टणमला निघणार होते. नवरा, बायको, कॉलेजातली मुलगी आणि शाळेतला मुलगा. गोवा मुलीनं आधीच बाद केला होता. "तितं सगळी काटेवाडीच भेटती," असं तिचं म्हणणं. तिला किनाऱ्यावर ठेवलेली पाणबुडी बघायची होती. दौंडहून थेट गाडी मिळाली, चार बर्थ कन्फर्म झाले. समुद्रासमोरच्या दोन रूम होल्डवर होत्या. होल्ड म्हणजे हॉटेल ठरलेल्या दिवसापर्यंत रूम आपल्यासाठी अडवून ठेवतं. तोवर पक्कं कळवलं नाही, तर दुसऱ्याला देतं. आमची मुदत शुक्रवारची होती.

"काय झालं, दत्ताभाऊ?"

"चंद्री. बाकीच्या गाई गडी मशीनवर काढतो. ही मशीन लावू देत न्हाय. शालन न्हायतर मी, तिसऱ्याला पान्हाच सोडत न्हाय. दूध कासेत राहिलं की दगडी होती."

दगडी म्हणजे कास सुजते, कडक होते. चांगली दुभती गाय त्यात वाया जाते. मी म्हटलं, "उन्हाळ्यात सोडलेला बर्थ परत मिळत नाही. शुक्रवारपर्यंत थांबा."

ते गेले आणि थोड्या वेळात त्यांच्या बायकोचा, शालनताईंचा फोन आला.

"त्यांचं काढणार असाल तर माझंबी काढा. लग्न झाल्यापास्नं आमी दोघं मिळून कुठंच गेलो न्हाय. एक बाहेर, तर एक गोठ्यात. पोरांना काय, जातील बावड्याला मामाकडं."

आवाज रडका नव्हता. ठरवून टाकल्यासारखा होता. मला तेच खटकलं. चार तिकिटं रद्द होणं हा आमच्या धंद्यातला रोजचा प्रकार, पण त्या दिवशी ऑफिस बंद करून मी सरळ काटेवाडीला गेले.

शालनताई चंद्रीची धार काढत होत्या. मी उगीच बोलायचं म्हणून विचारलं, "हिला लहानपणापासून तुम्हीच सांभाळलं का?"

"न्हाय. ही माझ्या माहेरची. माझ्या भावानं बाटलीनं दूध पाजून वाढवली. कालवड झाल्यावर मला दिली."

"मग भावालाच बोलवा की आठ दिवस!"

मग दत्ताभाऊ म्हणाले, "मेव्हण्याला शेण काढायला बोलवायचं? पावणा माणूस त्यो. बावड्यात लोक काय म्हणतील?"

"मी न्हाय बोलणार," शालनताई म्हणाल्या. "बहिणीनं गळ घातली असं व्हायचं. तुमचं तुमी बोला."

शेवटी दत्ताभाऊंनीच फोन लावला. पलीकडून मेव्हणे सोपानराव ओरडलेच, "दाजी, येवढं आधी सांगायचं न्हाय व्हय? उद्याच येतो, चंद्रीला आधी सवय करून बघतो!"

ते आले. चंद्रीनं पहिल्याच सांजेला त्यांची बादली लाथाडली.

"न्हाय वळखत त्याला," शालनताईंनी फोनवर सांगितलं. मी हॉटेलला आणखी एक दिवस मागितला. मॅनेजर म्हणाला, दुसरी पार्टी वाट बघत बसलीय, जमणार नाही. कॅन्सलेशनची तयारी मी मनात करून टाकली.

शुक्रवारी सकाळी दत्ताभाऊंचा व्हिडिओ कॉल आला. गोठा दिसत होता. चंद्रीपाशी भरघोस मिशांचे सोपानराव बसले होते, अंगाभोवती बहिणीचं रोजच्या वापरातलं लुगडं गुंडाळून! गाय वासावर ओळखते, मामाला आईचं लुगडं गुंडाळून बघू, असं मुलीनं सुचवलं होतं. बादलीत धारेचा आवाज येत होता.

"अरे वा!" मी ओरडले.

"मॅडम, हळू. बिचकंल ती," दत्ताभाऊ कुजबुजले. मग म्हणाले, "रूम पक्क्या करा."

चौघं गेले. ऊन कडक होतं, मुलाच्या नाकाची साल निघाली, पाणबुडी दोनदा बघून झाली. किनाऱ्यावरून दत्ताभाऊंनी फोन केला, "मॅडम, शालन पाण्यातनं बाहेरच येत न्हाय. काय करू?"

"तुम्हीही आत जा," मी सांगितलं.

इकडं चंद्रीचं दूध जरा कमी झालं, पण कास शाबूत राहिली. शालनताई परत आल्यावर मात्र तिनं दोन दिवस त्यांच्याकडे मान वळवून बघितलं नाही.

गाडी, हॉटेल, फिरणं हे सगळं जुळवणं तसं सोपं असतं. सहल अडते ती मागं राहणाऱ्यापाशी. आता कुठं जायचंय हे विचारण्याआधी मी घरी कोण थांबणार ते विचारते. निम्मे लोक त्यावर "विचार करून सांगतो" म्हणून उठतात. माझं होल्ड टाकायचं काम वाचतं.