आईनं आधीच सांगून ठेवलं होतं

आई गेली त्या दुपारी शेजारच्या खोलीत सतरा मुली जेवत होत्या. कुणी वरण अळणी झालंय म्हणून कुरकुरत होती, कुणी घास घेता घेता सूत्रं पुटपुटत होती. माझ्या धाकट्या बहिणीनं, वंदनानं, मधलं दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं. माझ्या हातातला आईचा हात सैल पडला... आणि रडू यायच्या आधी मनात आलं, जिंकलीस, आई.

दीड महिना झाला त्याला. तेव्हा हे कुणाला सांगता आलं नसतं, म्हणून आज लिहितो आहे.

भूकंपात आमचं गाव गेलं, वडील गेले. आईला दगडमातीखालून जिवंत काढलं. तंबूतल्या दवाखान्यात तिचा खांदा बांधणारे काझी डॉक्टर तेव्हा नुकतेच शिकून आलेले. पुढं आम्ही लातूरला आलो, त्यांनीही तिथंच दवाखाना टाकला आणि ते आमचे घरचे डॉक्टर झाले. क्लाससाठी गावोगावच्या मुली शहरात येऊ लागल्या तशी आईनं मेस काढली. चाकूरची कोण, नायगावची कोण, कुणाला भाकरीबरोबर कारळाची चटणी लागते, सगळं तिच्या तोंडपाठ. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आईला या मुलींनीच सही करायला शिकवलं.

मग एके दिवशी तिनं आमटीत तीनदा मीठ घातलं. काही महिन्यांत घरचा रस्ता चुकली. तपासण्या झाल्यावर काझी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचं निदान आईलाच समोर बसवून सांगितलं. मी चिडलो. तिला कशाला?

"आजार तिचा हाय, भास्कर. आज तिला समजतंय, तर आजच विचारू."

पुढं गिळता येणार नाही, माणसं ओळखू येणार नाहीत, हे त्यांनी सावकाश सांगितलं. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "ढिगाऱ्याखाली मी वरडत हुते, डाक्टर. वर माणसं हुती, पर कुणाला ऐकूच येईना. आता पुन्ना तसंच व्हनार. म्हून आत्ताच ऐकून घ्या."

नाकात नळी नको. यंत्रावर ठेवायचं नाही. दुखलं तर औषध द्यायचं. मुलींचा गलका ऐकू येईल तिथं ठेवायचं. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याच्यानं बोलणं झालं न्हाई, तर तुमच्या वतीनं कोण बोलंल?"

"वंदी."

थोरला मी. मला ते लागलं. आईनं माझ्याकडं पाहिलं. "तुजी माया लई हाय, बाबा. तू मला जाऊ द्यायचा न्हाईस."

मेस वंदना चालवू लागली. सहा वर्षांनी आईचं गिळणं थांबलं, छातीत कफ भरला. मी पुण्याहून धावत आलो, मोठ्या दवाखान्यात न्यायला ॲम्ब्युलन्स दारात उभी केली. वंदनानं तो कागद पुढं केला. मी हिसकावून घेतला, फाडलाच असता.

"नळी घातली तर जगेल ना?" मी काझी डॉक्टरांना विचारलं.

"या टप्प्यावर नळीनं आयुष्य वाढंल असं न्हाई. तिचे हाल होऊ देणार न्हाई मी, रोज येतो. पण तिचा शब्द मोडायचा हक ना मला, ना तुला."

कागदाखाली तिची सही होती. वाकडी, एकेक अक्षर जपून काढलेली. ती पाहिली आणि मी बाहेर जाऊन ॲम्ब्युलन्स परत पाठवली.

त्यानंतर ती अकरा दिवस होती. डॉक्टर रोज येत, धाप कमी होण्याचं औषध देत. मी तिचे ओठ ओलसर ठेवी, केस विंचरी. इतक्या वर्षांत मी तिच्याजवळ असा निवांत बसलोच नव्हतो. एका सकाळी मुली कशावरून तरी खदखदून हसल्या, आणि कुणालाच न ओळखणारी माझी आई त्यांच्याबरोबर हसली... आवाज न करता, पण अगदी पूर्ण.

परवा देवणीच्या एका मुलीचा मेडिकलला नंबर लागला. पेढे घेऊन ती कुणाशी न बोलता थेट आईच्या खोलीकडं गेली. पलंग रिकामा. क्षणभर ती उंबऱ्यात थांबली. मग डोळे पुसून, खणखणीत आवाजात म्हणाली, "मावशी, लागला बरं का नंबर!"