सिमेंट दगडावर वाळतं तेव्हा

दगड बसवायचं काम नवऱ्याचं. कोणाच्या अंगणात, कोणाच्या बागेच्या वाटेवर तो दगडी फरशी बसवायचा. हात सैल, त्यामुळे निम्मं सिमेंट सांध्यांत जायचं आणि निम्मं दगडावर. ते वाळलं की बायको बादली, ब्रश आणि लाकडी पट्टी घेऊन मागून बसायची आणि तो पांढुरका थर खरवडायची. लग्न झाल्यापासून हेच. लोक म्हणत, "जोडी छान जमलीय."

एकदा ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली. इकडे त्याने दातांच्या डॉक्टरीणबाईंचं अंगण पुरं केलं. मागून घासायला कोणी नाही, आणि आपण घासावं हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याने अ‍ॅसिड आणलं आणि ओतलं. दगड चुनखडीचा. सिमेंटच्या आधी दगडच फसफसला.

त्याने फोन लावला. "अगं, दगड उतू चाललाय!"

"मग गॅस बंद करा," ती म्हणाली. मग अ‍ॅसिडचं कळल्यावर, "पाणी मारा आधी. भरपूर. मी निघते."

ती आली तेव्हा अंगणभर चट्टे पडले होते. सिमेंट मात्र जागच्या जागी होतं. डॉक्टरीणबाई दारात उभ्या, आणि हा आभाळाकडे बघत, जणू चूक तिकडूनच झाली.

"आता सगळंच घासून घोटावं लागेल," ती वाकून बघत म्हणाली. "दोघांनी."

"दोघांनी?"

"तिसरं कोण दिसतंय तुम्हाला?"

ती एका कोपऱ्यात बसली, तो दुसऱ्या. पाणी टाकायचं, घोटायचं, पुसायचं. दुपारपर्यंत त्याचे गुडघे बोलायला लागले.

"तू रोज हे करतेस?"

"छे. सुट्टीच्या दिवशी घरचं घासते."

अंगणाची चकाकी परत आली नाही, पण सगळा दगड एकसारखा मंद झाला. डॉक्टरीणबाईंनी चालून बघितलं. "असू दे. पेशंट घसरणार तरी नाहीत."

पुढच्या कामावर तो न सांगता ओला स्पंज घेऊन बसला. सांधा भरला की सिमेंट वाळायच्या आत पुसून घ्यायचा. तिला काही कामच उरलं नाही. सावलीत बसून चहा झाला, दुसरा झाला. मोकळ्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना. शेवटी उठून तिने थापी हातात घेतली. "सरका जरा."

तिची पहिली रांग वाकडी गेली. त्याने तसं सांगितलं.

"डोळे आहेत मला," ती म्हणाली, आणि रांग उचलून पुन्हा बसवायला लागली.