अक्कांचा हातगुण

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, आप्पांना नाही, जिला सगळं सांगते त्या धाकट्या बहिणीलाही नाही. ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्यांना गेल्या आठवड्यात सांगितलं. आता तुम्हाला सांगते आहे. मोठं काही नाही, असं कोणी म्हणेलही — कोंबड्यांची तर गोष्ट. पण थांबा. कोंबड्यांची ती नाहीच.

आधी अक्कांबद्दल सांगू द्या. त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

मी इचलकरंजीची. आप्पा मागावर कामाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते मी कोणी न विचारताही सांगते — सांगायची सवयच आहे. बी.एस्सी. केमिस्ट्री. पदवीदानाचा माझा फोटो आप्पांनी देवांच्या शेजारी लावलाय. बेंगळुरूला नोकरी लागली ती यशवंतपूरच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात, क्वालिटीमध्ये. बाहेरून आलेलं पीठ माझ्या सहीशिवाय आत जात नाही. त्याचाही अभिमान आहे. का नसावा?

पण एकट्या मुलीला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. फिरून फिरून पाय दुखले तेव्हा एका जुन्या बैठ्या घराच्या फाटकात अक्का भेटल्या. तीन पिढ्या इथं राहिलेलं मराठी घर, यजमान वारलेले, वर एक खोली रिकामी. त्यांचं मराठी ऐकून मला रडूच येणार होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मागं कोळी आहेत बघ स्वल्प. चालतंय न तुला?"

मला वाटलं, जाळी धरलीत. म्हटलं, "चालतंय की. मी झाडून काढीन."

अक्का फाटकाला धरून हसायला लागल्या. "अगं, अंडी देतात त्या! झाडून काय काढतीस?"

कानडीत कोंबडीला कोळी म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. आणि मला घर मिळालं.

मागच्या अंगणात फणसाखाली जाळीचं खुराडं. सात-आठ कोंबड्या, त्यात एक कबरी. ती अक्कांच्या मागे मागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायची. दुपारी जेवायला बसण्याआधी अक्का आपल्या ताटातला मूठभर भात घेऊन अंगणात जायच्या. यजमानांची ती रीत होती. ते गेल्यावर अक्कांनी चालू ठेवली. आणि रोज सकाळी माझ्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर एका वाटीत एक अंडं. कधी चुकलं नाही. मला कावीळ झाली तेव्हा अंड्याऐवजी त्या वाटीत उसाचा रस आला, ताक आलं, कसलंसं कडू पाणी आलं. ते प्यायला लावायला अक्का स्वतः वर आल्या, गुडघे दुखत असताना.

आणखी एक. अक्कांच्या हाताला गुण होता. गल्लीत कोणाची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे उबवायला बसली, की तिच्याखाली अंडी ठेवायला अक्कांना बोलवायचे. अक्कांनी हातानं अंडी ठेवली की सगळी फुटतात, पिल्लं धडधाकट निघतात, असं सगळ्यांचं म्हणणं. विज्ञानाची पदवी घेतलेल्या मला हसू यायचं. पण बोलावणं आलं की अक्का ज्या तऱ्हेनं हात धुऊन, पदर खोचून निघायच्या — त्याला हसायची माझी कधी हिंमत झाली नाही. म्हाताऱ्या एकट्या बाईला लोकांनी हक्कानं बोलवावं असं दुसरं उरलंय काय?

आता मुद्द्यावर येते. येतेच आहे.

मी राहायला आले तेव्हा अंड्यांचं कवच पापडासारखं असायचं. कधी कवचच नाही, नुसती पिशवी. कोंबड्यांना मिळायचं काय — तांदळाची कणी, भाजीचे देठ आणि तो मूठभर भात. मी म्हटलं, अक्का, खाद्य मी आणते. अंड्यावरच्या कोंबडीला चुना लागतो, प्रथिनं लागतात. मांसासाठी वाढवतात त्यांचं खाद्य वेगळं, यांचं वेगळं. पोत्यावर 'लेयर' लिहिलंय का बघायचं, कधी भरलंय ती तारीख बघायची. मूठ भरून नाकाशी न्यायची: धान्याचा गोडसर वास हवा, कुबट नको. मुठीत दाबलं तर मोकळं सुटायला हवं, गोळा धरता कामा नये. पावसाच्या दिवसांत साठा करायचा नाही. वर वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा ठेवायचा, हवा तेवढा त्या खातात.

सगळं खरं. सगळं बरोबर. दोन महिन्यांत कवचं अशी टणक झाली की अक्का वाटीच्या काठावर अंडं आपटून मलाच हाका मारायच्या, "ऐक गं, ऐक आवाज!" गल्लीभर सांगत सुटल्या. शेजारच्या शांतम्मा तोंड वाकडं करून म्हणाल्या, "आता कोंबड्यांना पण बी.एस्सी. लागतं होय?" अक्का म्हणाल्या, "लागतं. तुझ्या कोंबड्या अडाणी, म्हणून पिशव्या घालतात."

कोणी माझ्या शिक्षणासाठी असं भांडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! इतकं बरं, की मी अक्कांना म्हणाले — "वास घ्यायची, बघायची तुम्हाला गरजच नाही. मी आणलेलं डोळे झाकून घाला."

आणि त्यांनी घातलं. डोळे झाकून.

एका पावसाळ्यात पोतं आणायला उशीर झाला. यशवंतपूरच्या बाजारात दुकानं बंद होत होती, पाऊस धरलेला. दुकानदारानं भिंतीकडेचं पोतं स्कूटरवर टाकलं आणि मी निघाले. शिवण उघडली नाही, वास घेतला नाही. घरी आल्यावर उघडलं. बुरसट वास आला. खाली गोळे धरलेले, गोळ्यांवर हिरवट पांढरं. आता हे माझं रोजचं काम — असं पीठ दारात आलं तर मी गाडी परत पाठवते, ड्रायव्हर हात जोडत असला तरी पाठवते. मग त्या दिवशी काय झालं?

लाज वाटली. बस्स, एवढंच. अक्का म्हणतील, अगं तूच सांगितलंस ना वास घ्यायला? शांतम्मा तर आठवडाभर सांगत फिरतील. एक पोतं फेकून द्यायचं, दुसरं आणायचं — एवढं सोपं होतं. पण फेकताना कोणीतरी बघेल.

आमच्याकडे आई सगळ्याला ऊन दाखवते. डाळीला, गव्हाला, गाद्यांना. ऊन दाखवलं की झालं. रविवारी ढग पांगले, तेव्हा मी ते खाद्य गच्चीवर पसरलं. गोळे हातानं फोडले. हिरवट होतं ते चाळून टाकलं. उरलेल्यात शिंपल्यांचा चुरा कालवला. संध्याकाळपर्यंत वास गेला. बुरशी दिसेनाशी झाली म्हणजे तिचं विष गेलं असं होत नाही. ते उन्हानं जात नाही, भाजून जात नाही. आईला हे ठाऊक नाही. मला होतं. नीट, परीक्षेत लिहावं तसं ठाऊक होतं. तरी मी डबा भरून अक्कांच्या हातात दिला. वरून म्हटलं, "ताजं आहे."

काही दिवसांनी कोंबड्या पंख पाडून बसायला लागल्या. तुरे फिके पडले. अंडी थांबली. मग एकेक जायला लागली. अर्ध्याहून जास्त गेल्या. शेवटी कबरी — ती उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच बसली.

उरलेलं खाद्य मी एका सकाळी कामावर जाताना पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीत टाकलं. नवं आणलं. कोणाला कळलं नाही.

मग अक्कांनी विचारलं. कबरी त्यांच्या मांडीवर होती, पदरानं झाकलेली. "तू शिकलेली आहेस गं. तूच सांग, कशानं झालं?"

इथंच तेवढी जागा होती. खरं बोलायला एक श्वास पुरला असता. आणि मी म्हणाले, "अक्का, तो ताटातला भात... पावसात तो आंबतो. त्यानंच झालं असणार."

म्हटलं मी. या तोंडानं.

अक्कांनी वाद घातला नाही. शिकलेल्या मुलीशी काय वाद घालायचा? "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून ताटातला भात अंगणात गेला नाही. यजमानांची रीत माझ्या एका वाक्यानं बंद झाली. नवी पिल्लं आणली, पण खाद्य घालायचं काम माझ्याकडे आलं. "तू घाल. माझा हात वाईट." खुडूक कोंबडीसाठी बोलावणं आलं तर म्हणायच्या, "मला नको. माझ्या हातानं माझ्याच मेल्या." मग बोलावणीही थांबली.

पायरीवरची वाटी मात्र थांबली नाही. नव्या कोंबड्या अंड्यावर आल्या आणि दुसऱ्या पायरीवर पुन्हा रोज एक अंडं. मी ते खाल्लं. वर्षानुवर्षं खाल्लं. माझ्या अंगात जे बळ आहे त्यातलं बरंचसं त्या वाटीतलं आहे, हे मला चांगलं माहीत आहे, आणि त्याचे आभार मी मनात रोज मानले — मोठ्यानं कधी नाही. मोठ्यानं मानायला गेले असते तर दुसरंही बाहेर आलं असतं.

गेल्या आठवड्यात शांतम्मांची कोंबडी खुडूक झाली. अक्कांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. "हिच्या हाताला गुण आहे. बघ माझ्या कोंबड्या कशा आहेत हिच्यामुळं." शांतम्मा माझ्यासमोर टोपलीत अंडी घेऊन उभ्या. थट्टा नाही, टोमणा नाही, अगदी मानानं. मी एक अंडं उचललं आणि मला ते ठेवता येईना.

मी टोपली परत दिली, आत गेले आणि अक्कांना सांगितलं. गच्चीचं, उन्हाचं, शिंपल्यांच्या चुऱ्याचं, कचऱ्याच्या गाडीचं. 'ताजं आहे' म्हटलं होतं, तेही सांगितलं.

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. मग विचारलं, "कबरी पण?"

"हो."

"भातानं नाही?"

"नाही अक्का. भातानं कधीच नाही."

त्यांनी ताट बाजूला ठेवलं, दोन्ही तळवे उलटेपालटे करून बघितले आणि उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पायरीवर वाटी नव्हती. मी खाद्याचा डबा घ्यायला खाली उतरले, तर डबाही जागेवर नव्हता. अक्का अंगणात होत्या, पदर खोचून. त्यांनी डब्यात हात घातला, मूठ भरली. मूठ नाकाशी नेली. डोळे उघडे ठेवून वास घेतला, दाबून बघितली, आणि मग हळूहळू मोकळी सोडली. कोंबड्या त्यांच्या पायांत धावल्या. दुपारी शांतम्मांची हाक आली, आणि अक्का हात धुऊन अंडी ठेवायला गेल्या.

त्या सकाळी मी जिन्यात उभी राहून बघत होते. त्या दिवसाबद्दल मी जितकी ऋणी आहे तितकी कुठल्याच दिवसाबद्दल नाही.

खाद्य चांगलं होतं. तरी त्यांनी वास घेतला. आता रोज घेतात.