पूजाच्या मापाची सीट

कुशनच्या दुकानात कितीही झाडा, कोपऱ्यातून कापूस निघतोच. किस्स्यांचंही तसंच. गिऱ्हाईक येतं, बसतं, चहा पितं आणि जाताना एखादा किस्सा टाकून जातं. पण आज सांगून राहिलो ते सगळे एकाच गाडीचे. आणि मी सावकाश बोलतो म्हणून माझा राग गेला असं समजू नका. अजून गेलेला नाही!

मी बशीर. लातूरला माझं सीट-गाद्यांचं दुकान. शाळेचं तोंड फार बघितलं नाही. हात हळू चालतो. गल्लीतली पोरं म्हणतात, "बशीरचाचाकडं लग्नाची गादी टाका, बारशाला मिळंल!" म्हणू द्या. हळू शिवलेलं उसवत तर नाही!

*

एक दिवस कॉलेजची पोरं लोखंडी पाइपांचा सांगाडा ढकलत दुकानासमोर आली. खाली चार चाकं, मधी सगळं मोकळं.

"बेटा, ही खाट हाय का झोपाळा?"

"चाचा, कार हाय! बॅटरीवरची. आम्हीच बनवली. नांदेडला कॉलेजांची रेस हाय. एका चार्जिंगमधी जो जास्त फेऱ्या मारंल तो पुढं. सीट शिवून द्या."

हा संकेत, टीमचा कॅप्टन. किनवटकडच्या आश्रमशाळेत शिकून वर आलेला.

"माप कुणाचं घेऊ?"

सगळ्यांनी मागं बघितलं. मागून काडीसारखी एक पोरगी पुढं आली. पूजा. बाप कंधारला ऑटो चालवतो. बाप जेवायला बसला की ही ऑटो फिरवून आणायची, अशी शिकलेली.

"हिचं वजन कमी हाय चाचा, म्हणून बॅटरी टिकती," संकेत म्हणाला.

"वजनानं न्हाई काही," पूजा म्हणाली. "मी ब्रेक कमी मारते म्हणून टिकती!"

तिला बसवून मी माप घेतलं. काळं रेक्झिन, लाल दोरा. सीट अशी बसली की पूजा म्हणाली, "चाचा, आता गाडी वळली की आधी मलाच कळतं."

*

मग संस्थेच्या साहेबांनी गाडीची पूजा ठेवली. साहेब म्हणजे कॉलेजचे मालकच म्हणा. हार आले, फोटोवाला आला, चाकाखाली लिंबू ठेवलं. साहेबांनी नारळ उचलला. दगड कुठं दिसेना. मग त्यांनी समोर जो डबा दिसला त्यावरच नारळ आपटला!

तो डबा म्हणजे मोटरचा कंट्रोलर. गाडीचं डोकंच! झाकण फुटलं, पाणी आत. गाडी जाग्यावर थंड.

साहेब म्हणाले, "एवढ्याशा पाण्यानं बंद पडती? मग पावसात काय करणार तुम्ही?"

पोरांचे चेहरे बघवत नव्हते. आणि टीमवर नेमलेले सर हात जोडून म्हणाले, "बरोबर आहे साहेब, पोरांनी विचारच केला नाही!"

*

पोरांनी कंट्रोलर खोलला, वाळवला, कसाबसा परत चालू केला. तोवर सर एक भलंमोठं स्टिकर घेऊन आले. गाडीच्या दोन्ही अंगाला साहेबांचा हसरा फोटो. पोरांची नावं कुठं? तर सीटच्या मागं, जिथं चालवणाऱ्याची पाठ लागते तिथं!

स्टिकर लावलं आणि मोटर तापायला लागली. हवेची भोकंच बुजली होती. संकेतनं ब्लेड घेतलं आणि जिथं भोकं होती तिथं कापलं.

सर आले आणि किंचाळले, "अरे, साहेबांच्या तोंडाला भोक?"

"सर, हवा तिथूनच जाती."

मी बेल्टाचं माप घ्यायला तिथंच होतो. त्याच रागात सर माझ्याकडं वळले. "चाचा, रेसला साहेब बक्षीस द्यायला येणार आहेत. त्यांच्या खुर्चीला लाल मखमलीची गादी पाहिजे. कापूस ठासून भरा. आणि जरा लवकर!"

मी म्हणालो, "होऊन जाईल."

*

निघायच्या आदल्या दिवशी सर वर्कशॉपमध्ये आले. मी सीटच्या बकलाचा पट्टा शिवत होतो.

"गाडी यशराज चालवेल," सर म्हणाले.

यशराज म्हणजे साहेबांचा पोरगा. या पोरानं गाडी बघितलीसुद्धा नव्हती!

पूजा स्पॅनर हातात धरून तशीच उभी राहिली. "आणि मी, सर?"

"तू फोटोत आहेसच की. मुलीची जात, काही झालं तर वरती उत्तर कोण देणार?"

"इतके दिवस मीच चालवून राहिले की. तवा माझी जात दिसली न्हाई?"

"उद्धटपणा नको! टीममध्ये राहायचं का नाही?"

सुई माझ्या बोटात गेली ती मला नंतर कळली. आयुष्यात कुणावर हात उगारला नाही मी. त्या दिवशी हातोडी जवळच होती, मी ती उचलून लांब ठेवली.

जाताना पूजा म्हणाली, "चाचा, तुम्ही नांदेडला चला. काही उसवलं तर."

"काय उसवणार बेटा?"

"माहीत न्हाई. पण चला."

*

नांदेडला पोचलो. सकाळी यशराज आला. चमचमता सूट, नवंकोरं हेल्मेट. आल्या आल्या सेल्फी. मग गाडीत बसायला गेला. एक पाय आत, दुसरा पाय आत, मग खाली... आणि मधीच अडकला!

"सीट लहान हाय!" तो ओरडला.

"सीट लहान न्हाई भैय्या," संकेत हळूच म्हणाला.

दोघांनी धरून ओढला तेव्हा निघाला. आणि तिथं नियम असा की ड्रायव्हरनं बेल्ट सोडून झटक्यात बाहेर उडी मारली पाहिजे. आग लागली तर म्हणून. त्याशिवाय गाडी रस्त्यावर घेत नाहीत.

सर माझ्याकडं पळत आले. "चाचा, बाजूचा फोम काढा, सीट मोठी करा. तपासणीला नंबर यायच्या आत!"

मी म्हणालो, "आणा."

सीट घेऊन मी टेंपोमागं सावलीत गेलो, सगळ्यांकडं पाठ करून बसलो. साहेबांची गादीही तिथंच, पिशवीत होती. चष्मा पुसला. सुई शोधली. पानही लावलं.

"चाचा, झालं का?" सर लांबूनच.

"होऊन राहिलं."

थोड्या वेळानं परत. "चाचा!"

"होऊन राहिलं, सर." माझ्या मांडीवर लाल दोऱ्यांचा ढीग बघून ते परत गेले.

मग माइकवर आमच्या गाडीचा नंबर पुकारला. सर घामेघूम. "चाचा, अजून किती वेळ?"

मी म्हणालो, "यशराजसाठी म्हणाल तर संध्याकाळ होईल. पूजासाठी म्हणाल तर झालीच!"

सरांनी माझ्याकडं बघितलं, तपासणीवाल्यांकडं बघितलं. गाडी बाद झाली तर साहेबांना काय सांगायचं? "बसवा तिला! बसवा लवकर!"

संकेतनं सीट उचलली आणि पळाला. पूजा बसली, बेल्ट लावला आणि शिट्टी वाजताच अशी बाहेर आली की शिट्टीवाला म्हणाला, "अरे, परत बस, मी घड्याळ बघितलंच नाही!"

सर मात्र माझ्या पिशवीतली गादी दोन्ही हातांवर प्रसादासारखी धरून स्टेजकडं निघाले होते.

*

शर्यतीत सगळ्या गाड्या सुसाट सुटल्या. आमची पूजा आपली बापाच्या ऑटोत सवारी बसवल्यासारखी, एका चालीनं. पोरं ओरडायची, "पळव की!" ती हातानंच सांगायची, थांबा. मग एकेक गाडी बॅटरी संपून कडेला लागली. पूजा फिरतच होती. तिसरा नंबर आला!

आता खरी गंमत ऐका. साहेब आले ते थेट बक्षीस वाटायलाच. माइकवर कॉलेजचं नाव घेतलं, तर यशराज चमचमत्या सुटात स्टेजवर! कप घ्यायला हात पुढं! खाली पूजा उभी, तोंडावर धूळ, हेल्मेट काखेत.

माझं डोकं फिरलं. मी उठलोच होतो. तेवढ्यात तो शिट्टीवाला म्हणाला, "ड्रायव्हरचा हात दाखवा." तपासणीत ड्रायव्हरच्या मनगटाला पिवळी पट्टी बांधतात. यशराजच्या हातात घड्याळ होतं. पट्टी नव्हती.

पूजानं खालूनच हात वर केला.

साहेबांना तिच्याच हातात कप द्यावा लागला. पोरांनी अशा शिट्ट्या मारल्या की काय सांगू!

सर तिथं थांबलेच नाहीत. तडक गाडीकडं गेले, सीट उलटीसुलटी करून बघितली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आवाज दबलेला.

"चाचा, सीटचा एक टाका निघालेला नाही! मग सकाळपासून तुम्ही उसवत काय होता?"

स्टेजवर बक्षीस वाटून झालं होतं. साहेबांनी फेटा सावरला आणि मागं खुर्चीकडं वळले.

मी म्हणालो, "सर, तिकडं बघा. साहेब बसून राहिले."