पोळाशी शुद्ध बोलणारा हणमंत

हणमंत चिडला की शुद्ध बोलायचा. एरवी तो उंब्रजचा गडी, तोंडात सदा ‘हाय’, ‘न्हाई’, ‘लय’. पण डोकं फिरलं की एकदम ‘आपण’, ‘कृपया’, ‘क्षमस्व’. त्यानं ‘गड्या’ म्हटलं की मी निर्धास्त असायचो.

बी.ए., बी.एड. होऊन तीन वर्षं तो नोकरीसाठी सातारा-सांगली करत होता. दुष्काळ नुकताच सरला होता, एकेका जागेवर पोरांची झुंबड उडायची. साताऱ्यात एका साहेबानं विचारलं, “ओळख कुणाची?” हा म्हणाला, “माझी स्वतःशी उत्तम ओळख आहे. तेवढी पुरत नसेल तर क्षमस्व.” गेली ती जागा. हा किस्सा तो हसत सांगायचा. मला मात्र त्या साहेबाच्या कानाखाली काढावीशी वाटायची.

मी तेव्हा सांगलीत, गुळाच्या पेठेत अण्णांच्या आडत दुकानावर दिवाणजी होतो. विश्रामबागेत हणमंतची नि माझी मिळून एक खोली होती. अण्णा एका हायस्कुलाचे चेअरमनही होते, म्हणून मीच हणमंतला त्यांच्यापुढं उभं केलं. त्यांनी त्याचे कागद उघडलेसुद्धा नाहीत.

“शिव्या देता का हो?”

“न्हाई, अण्णा.”

“आणि राग आला तर?”

“मग शुद्ध बोलतो.”

“जमलं! उद्यापासून या.”

काम काय, तर अण्णांच्या आईनं देवाला सोडलेला मोकाट बैल, म्हणजे पोळ, दुकानात शिरून गुळाच्या ढेपा चाटायचा. हमाल त्याला बडवायचे, शिव्या घालायचे, आणि देवाचं जनावर म्हणून अण्णांना धडकी भरायची. त्यांना पोळाला बाहेर काढणारा, पण काठी न लावणारा माणूस हवा होता. “अडाणी मारतो. शिकलेला समजावून सांगतो,” अण्णा म्हणाले. वर्षभर नीट वागला तर चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणि शाळेत जागा! मला वाटलं, हा आता ताडकन उठून जाणार. पण त्यानं मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाला, “मास्तर व्हायचंय गड्या. पोरांम्होरं उभं ऱ्हायचंय. त्येच्यासाठी पोळाम्होरं बी उभा ऱ्हाईन.”

दुसऱ्या दिवसापासून पेठेला फुकटचा तमाशा झाला. इस्त्रीचा शर्ट घातलेला हणमंत त्या धिप्पाड पोळापुढं हात जोडून म्हणायचा, “महाराज, आपण कृपया बाहेर यावं. हा माल आपला नव्हे.” व्यापारी पोट धरून हसायचे. “बी.ए. पास गुराखी आला रं!” अण्णा तर पाहुण्यांना मुद्दाम बोलावून दाखवायचे आणि म्हणायचे, काय नम्र माणूस आहे! नम्र कसला, डोंबल! आतून उकळत होता तो. रात्रीपर्यंत त्याचं शुद्ध उतरायचं नाही. खोलीवर भाकरीसुद्धा “कृपया वाढा” म्हणून मागायचा.

अकरा महिने काढले पठ्ठ्यानं. मग एका सौद्याच्या दिवशी पोळ बिथरला. दुकान झाडणाऱ्या म्हाताऱ्या ताराबाईला त्यानं भिंतीशी दाबलं. ती किंचाळतेय आणि अण्णा गादीवरून ओरडतायत, “मारू नका! देवाचा आहे! समजावा त्याला!” हमाल हातात काठ्या धरून नुसते उभे. मीही उभाच. हणमंतनं एकाची काठी हिसकली आणि पोळाच्या तोंडावर अशी हाणली, की तो शेपूट वर करून पळाला.

“ऊठ म्हातारे,” हणमंत म्हणाला, “लागलं तर न्हाई न्हवं?” कामाला लागल्यापासून पेठेत पहिल्यांदाच तो आपल्या गावच्या बोलीत बोलला होता.

“दाखला पाहिजे ना? देतो!” अण्णा कडाडले. मला लिहायला बसवलं आणि सांगू लागले, “मुक्या जनावरावर हात उचलणारा तापट इसम. मुलं याच्या हाती सोपवू नयेत.” मी पेन खाली ठेवू शकलो असतो. नोकरी गेली असती, दुसरं काय झालं असतं? पण मी लिहिलं. वर वळणदार लिहिलं! अण्णांचा राग येतो, पण माझा मला त्याहून जास्त येतो. हणमंतनं कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि त्याच दिवशी ट्रंक उचलून उंब्रजला गेला.

अण्णांनी शाळाशाळांत शब्द फिरवला. कुणीही त्याला दारात उभं केलं नाही. शेवटी त्यानं घरच्या पडवीत शिकवणी काढली. बऱ्याच वर्षांनी मी गेलो, तर पडवी पोरांनी भरलेली आणि फळ्याच्या वर काचेच्या चौकटीत तोच दाखला. एक बाई पोराला शिकवणीला घालायला आली होती. हणमंत तिला म्हणाला, “आदी ह्यो कागद ऐक बाय, मग पोरगं सोड.” आणि त्यानं तो शब्दन् शब्द वाचून दाखवला.

“म्हातारीपायी मारलं न्हवं? समद्यास्नी ठावं हाय,” ती म्हणाली. “बसू द्या त्येला.”

मी पुढं झालो. माफी मागायची म्हणूनच एवढ्या लांब आलो होतो. “हणमंता, ओळखलंस का मला?”

त्यानं आधी चौकटीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“ओळखलं,” तो म्हणाला. “आपलं हस्ताक्षर फार सुंदर आहे. कृपया बसावं.”