सक्शनताईंचे ड्रॅगन

ताईंचं काम सांगायला सोपं होतं. दातांच्या दवाखान्यात खुर्चीच्या डाव्या अंगाला उभं राहायचं आणि पेशंटच्या तोंडात साठणारं पाणी ओढून घेणारी नळी नीट धरून ठेवायची. त्या नळीला सगळे सक्शन म्हणत, म्हणून त्या सक्शनताई. हे नाव एका सात वर्षांच्या मुलीने दुधाचा दात हलत असताना ठेवलं. दात पडला, नाव काही पडलं नाही. त्याला आता एकोणीस वर्षं होत आली होती. एवढ्या काळात नळी दोनदा बदलली, खुर्ची एकदा. ताई त्याच.

डॉक्टर हलक्या हाताचा माणूस. पण त्यांना एक खोड होती. काम करताना ते बोलायचे, आणि बोलायचे ते फक्त ड्रॅगनबद्दल. त्यांच्या टेबलामागच्या कपाटात दातांच्या विद्येची चार पुस्तकं होती आणि ड्रॅगनच्या कादंबऱ्या दीडशेच्या वर. दुसरे डॉक्टर गाणी लावतात, हे गोष्ट लावायचे. "आ करा. थोडा अजून. हां. तर हा जो ड्रॅगन होता ना, त्याला पंख होते चांगले ताडाएवढे, पण उंचीची भीती." पेशंटच्या तोंडात आरसा, कापूस आणि ताईंची नळी. हूं की चूं करायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, इथे तो तोंड उघडून होता. पण खरं सांगायचं तर मार कुणाला लागत नसे, कारण ड्रिलकडे लक्षच राहत नसे. ज्याचं रूट कॅनाल तीन बैठकांचं, त्याची कादंबरीही तीन तुकड्यांत. दुखायचं थांबलं की पुढच्या बैठकीला दांडी मारणारी माणसंसुद्धा इथे वेळेआधी येऊन बसत आणि ताईंना विचारत, "किल्ल्याचा दरवाजा उघडला का हो शेवटी?"

ताईंना ते ठाऊक असायचं. निदान ताईंना तसं वाटायचं.

कारण ताईंनी यातलं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. वाचता येत नव्हतं असं नाही. पण दिवसभर उभं राहून घरी गेल्यावर पुस्तक हातात घेतलं की तिसऱ्या ओळीला मान पडायची. एकदा त्यांनी कपाटातलं एक जाडजूड पुस्तक उघडून पाहिलं होतं. पहिल्या पानावर नकाशा, दुसऱ्यावर राजघराण्याची सात पिढ्यांची वंशावळ. ताईंनी ते मिटून जागेवर ठेवलं. नातलग घरचे आहेत तेवढे पुरेत.

त्यांची सगळी विद्या ऐकीव. आणि तीही अर्धी, कारण सक्शन चालू असलं की असा आवाज करायचं की शेजारी कोणी मेलं तरी कळू नये. डॉक्टर सांगत असायचे, "राजपुत्राने तलवार टाकली. म्हातारी ड्रॅगनीण गुहेतून पुढे आली, आणि मग तिने त्याला," सुर्रर्र, घर्रर्र, "आणि दोघं जेवायला बसले." मधलं काय ते ताईंनी मनाने भरून काढायचं. आता राजपुत्र दमलेला, जखमी, लेकराच्या वयाचा. म्हातारीने त्याला काय केलं असेल? जखम धुतली असेल, दोन शब्द सुनावले असतील आणि ताट वाढलं असेल. दुसरं काय करणार? ताई स्वतः तेच करत आल्या होत्या, नवऱ्याला, दिराला, मुलीच्या मैत्रिणींना.

डॉक्टर शिफारस करण्यात कच्चे होते. कुणीही विचारलं, "डॉक्टर, मला वाचायचं तर कुठून सुरुवात करू?" की ते सगळ्यांना एकच नऊशे पानांचं पुस्तक द्यायचे. पुस्तक कसलं, दाराला टेकण म्हणून लावावं असं. माणूस ते महिनाभर घरात सांभाळायचा आणि "वेळच झाला नाही हो" म्हणत ओशाळून परत आणायचा. काही जण तर पुस्तक वाचून झालं नाही म्हणून दुखरी दाढ तशीच घेऊन हिंडायचे. हे पाहून ताईंनी हळूच सूत्रं आपल्या हाती घेतली. बाहेरच्या खोलीत, जिथे लोक गालाला हात लावून बसतात, तिथे त्यांनी एक फळी मांडून घेतली, वही ठेवली, आणि ज्याला त्याला विचारून पुस्तक द्यायला लागल्या.

त्यांचे प्रश्न तीनच. एका वेळी किती वाचता? शेवटी कुणी मेलेलं चालतं का? नकाशा पाहून डोकं दुखतं का? बाकीचं त्या खुर्चीतल्या माणसाकडे बघून ठरवायच्या. हातांच्या मुठी वळून बसणाऱ्याला त्यांनी उंचीला भिणारा ड्रॅगन दिला. मिनिटामिनिटाला मोबाइल काढणाऱ्या वकिलाला चार-चार पानांची प्रकरणं असलेलं दिलं. नवी कवळी बसवलेल्या एका आजोबांना दात पडलेल्या ड्रॅगनचं पुस्तक दिलं. आजोबांना आधी तो टोमणा वाटला. आठ दिवसांनी ते दुसरा भाग मागायला आले, कवळी घालून.

अशीच एकदा वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई दाढ भरायला आल्या. दाढ भरून झाली, पण त्या फळीपाशीच रेंगाळल्या. ताई एका शिंप्याला समजावत होत्या, "हे नका नेऊ, यात चाळीस घराणी आहेत, तुम्ही मापं विसराल." ग्रंथपाल बाई शिंपी जाईपर्यंत थांबल्या.

"ताई, आमच्याकडे रविवारी दुपारी वाचक जमतात," त्या म्हणाल्या. गाल अजून बधिर होता, त्यामुळे वाचकचं वासक होत होतं. "ड्रॅगनच्या कादंबऱ्यांवर बोलाल का? कुणी काय वाचावं, एवढंच. तुमच्याइतकं यातलं वाचलेलं माणूस मी तरी पाहिलं नाही."

"डॉक्टरांना विचारा ना," ताई म्हणाल्या.

ग्रंथपाल बाईंनी आतल्या दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "ते खुर्चीत पडलेलं असताना छान वाटतं हो. बसून नाही ऐकवत."

ताई हो म्हणाल्या. खोटं काही बोलल्या नाहीत, फक्त खरं बोलायचं राहून गेलं.

घरी सांगितल्यावर मुलीने हातातला कंगवा खाली ठेवला. "आई, तू एक तरी वाचलंयस का?"

"ऐकलीत सगळी."

"अर्धी."

"अर्धं ऐकलेलं माणूस पूर्ण बोलू शकतं. तुझ्या आत्याला बघ."

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याने वर्तमानपत्रातून डोकं काढून एवढंच विचारलं, "अगं, पण कुणी प्रश्न विचारला तर?" ताईंना रविवारपर्यंत हाच घास गिळवेना. त्यांनी म्हाताऱ्या ड्रॅगनिणीचं पुस्तक घरी आणलं आणि रोज बसस्टॉपवर उभं राहून वाचायचा सपाटा लावला, कारण उभं असलं की झोप येत नसे. शनिवारपर्यंत त्या एकतिसाव्या पानावर पोचल्या. पुस्तक साडेपाचशे पानांचं.

रविवारी वाचनालयात पंचवीसेक माणसं होती. ताईंना धीर आला, कारण निम्म्या लोकांच्या दाढा ओळखीच्या होत्या. त्या उभ्या राहिल्या आणि नेहमी फळीपाशी बोलतात तशा बोलायला लागल्या. ज्यांना लवकर राग येतो त्यांनी काय वाचावं, आजारी माणसाला कुठलं द्यावं, कुठल्या पुस्तकातली पहिली ऐंशी पानं डोळे मिटून उलटावीत. लोक हसत होते, कुणी लिहूनही घेत होतं. वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. मग ताईंना चेव आला आणि त्या म्हाताऱ्या ड्रॅगनिणीवर आल्या.

"माझं सगळ्यात आवडतं हे," त्या म्हणाल्या. "घरात कुणी चुकून आलेलं पोर असेल ना, तर वाचावं. राजपुत्र मारायला येतो तिला. ती काय करते? त्याची जखम धुते. चांगली कानउघाडणी करते. आणि मग दोघं जेवायला बसतात. सबंध पुस्तकाचा जीव आहे तो."

मागच्या रांगेतले निवृत्त पोस्टमास्तर उभे राहिले. त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते, त्यामुळे ताई त्यांना ओळखत नव्हत्या.

"बाई, तिने त्याला खाल्लं," ते म्हणाले.

"कुणाला?"

"राजपुत्राला. पान चारशे बारा."

"मग जेवायला बसले ते दोघं कोण?"

"ती आणि तिचा मुलगा. हाक मारते ना ती त्याला."

ताईंनी थोडा विचार केला. नंतर आपण हे विचारायला नको होतं असं त्यांना वाटलं, पण प्रश्न तोंडातून निघून गेला होता. "आणि जेवले काय?"

"राजपुत्रच," पोस्टमास्तर म्हणाले.

सगळं सभागृह इतकं हसलं की बाहेरून दोघं जण काय झालं ते बघायला आत आले. ताईंचे कान लाल झाले. दातखीळ बसणं म्हणजे काय ते त्यांनी पेशंटमध्ये पुष्कळदा पाहिलं होतं, आज स्वतः अनुभवलं. ग्रंथपाल बाई सावरायला उठल्या, पण ताईंनी हाताने त्यांना बसवलं.

"मी वाचलेलं नाही हे," त्या म्हणाल्या. "हे काय, कुठलंच नाही. मी सक्शन धरते. डॉक्टर सांगतात आणि मी ऐकते. तिने खाल्लं असेल तेव्हा सक्शन चालू असणार."

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या चष्म्याच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, "आमच्या वडिलांना तुम्ही तो न बोलणारा ड्रॅगन दिला होतात. आई गेल्यावर ते घरात कुणाशी बोलत नव्हते. ते तुम्ही वाचून दिलंत की न वाचता, त्याने काय फरक पडला? त्यांनी वाचलं ना." एवढं बोलून त्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

ताईंना बोलायला हुरूप आला. त्या पोस्टमास्तरांकडे वळल्या. "तुम्ही सगळं वाचलंय ना? मग मला सांगा, ती भुकेली होती का?"

"म्हणजे?"

"आदल्या दिवशी तिने आठ मेंढ्या खाल्ल्या होत्या. हे मी स्वच्छ ऐकलंय, तेव्हा पेशंट चूळ भरायला उठला होता. आठ मेंढ्या पोटात असताना ती राजपुत्र कशाला खाईल?"

पोस्टमास्तरांनी खिशातून छोटी वही काढून चाळली. त्यांनी ते पुस्तक दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा टिपणं काढली होती. टिपणांत मेंढ्या होत्या, आठच होत्या. "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं," ते म्हणाले आणि बसले. मग जी जुंपली, ती वाचनालय बंद व्हायची वेळ टळून गेली तरी चालू होती. कुणी म्हणे रागाने खाल्लं, कुणी म्हणे मुलाला शिकार शिकवायला. शिंप्याचं म्हणणं होतं की राजपुत्र मुळात फार बोलत होता.

सोमवारी सकाळी ताईंनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हत्यारं मांडत होते. त्यांना वाईट वाटलं, पण भलत्याच गोष्टीचं.

"म्हणजे एकोणीस वर्षं तुम्हाला अर्धंच ऐकू येत होतं?"

"अर्ध्याला जरा कमी."

"आणि मी आपला समजत होतो, एक माणूस तरी सगळं ऐकतंय." त्या दिवशी पहिल्या दोन पेशंटना गोष्टच मिळाली नाही. दुसऱ्याने जाताना ताईंना विचारलं, डॉक्टरांच्या घरी सगळं ठीक आहे ना.

पंधरा दिवसांत दवाखान्यात नवं सक्शन आलं. आवाज जवळजवळ नाहीच. डॉक्टरांना वाटलं, आता ताई खूश होतील. पण झालं उलटंच. ताईंना सगळं ऐकू यायला लागलं, आणि ऐकू आलं की पटेनासं झालं. शिवाय त्या आता वाचत होत्या. बसस्टॉपवर उभ्याने वीस मिनिटं, जेवणाच्या सुट्टीत ओट्याला टेकून पंधरा. पाच महिन्यांनी त्या पान चारशे बारावर पोचल्या, राजपुत्राला खाल्लेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी डॉक्टरांशी कामापुरतंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत तोच मोबाइलवाला वकील होता, अक्कलदाढेसाठी. भूल दिलेली, तोंड उघडं.

"तिने घाबरून खाल्लं," ताई नळी धरून म्हणाल्या. "मी परत वाचून पाहिलं. तो तलवार टाकतो, पण खंजीर टाकत नाही."

"खंजीर कुठे आहे त्यात?" डॉक्टरांचा हात थांबला.

"तीनशे नव्व्याण्णव. बुटात लपवतो."

"ते दुसऱ्या राजपुत्राचं आहे, ताई."

"दुसरा तोवर मेलेला आहे, डॉक्टर. तुम्ही घाईघाईत वाचता. पेशंट बाहेर बसलेले असतात म्हणून."

एकोणीस वर्षांत डॉक्टरांना असं कुणी बोललं नव्हतं. ते ड्रिल तसंच हवेत धरून उभे राहिले. वकिलाने हात वर केला. दुखलं तर हात वर करायचा, असं सगळ्यांना आधीच सांगितलेलं असतं. दोघं लगेच खाली वाकले. ताईंनी नळी काढली, डॉक्टरांनी कापूस काढला.

"दुखतंय का?"

वकिलाने चूळ भरली, रुमालाने ओठ पुसले. अर्धी जीभ बधिर असल्यामुळे शब्द जपून जपून आले.

"त्याच पुस्तकात मी तीनशे वीसवर आहे," तो म्हणाला. "दोघांनाही विनंती आहे, आधी दाढ काढा."